पणजोबा बोडक्यानं मुरगूडला आले

आजोबांच्या मर्तिकात माझे वडील डोक्याला पटका बांधून पुढं चालले होते.
सगळी गल्ली कुजबुजत होती.

बाप गेलाय आणि हा पटका बांधून? त्या पिढीत घरचं माणूस गेलं की पुरुष डोक्यावरचं उतरवायचे. बोडकं डोकं दिसलं की न विचारता कळायचं, घरात मयत झालीय.

पण आजोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "माझ्या मागं कुणी बोडकं व्हायचं न्हाय."

आज त्यांची पुण्यतिथी. म्हणून ते असं का म्हणाले ते लिहितोय. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

आजोबा मुरगूडचे. घरात शाळेचं तोंड बघितलेले पहिलेच. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली, म्हणून शेतकऱ्याचं पोरगं तिथं राहून इंग्रजी शिकत होतं. शाळा सुटली तर बोर्डिंग सुटणार, आणि बोर्डिंग सुटलं तर परत बैलांच्या मागं.

महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. बाहेर इंग्रजी मुलखात खादीची चळवळ जोरात होती. आजोबांच्या शाळेत मात्र काळी टोपी नाहीतर पटका, एवढंच चालायचं. पांढरी खादीची टोपी दिसली की हेडमास्तरांना वर उत्तर द्यावं लागायचं.

एका सोमवारी वर्गातली सात पोरं पांढऱ्या टोप्या घालून आली.

हेडमास्तरांनी सातही टोप्या काढून घेतल्या आणि ड्रॉवरमध्ये कोंबल्या. उद्या काळी टोपी आणि सोबत माफीची चिठ्ठी, असं फर्मान सुटलं.

मंगळवारी सहा पोरं काळ्या टोप्या घालून आली. चिठ्ठ्यांसकट.
आजोबा बोडक्यानं आले.

"काळी टोपी कुठाय?"
"घालणार न्हाय, मास्तर."
"मग निदान चूक झाली म्हणून लिहून दे. विषय संपला."
"टोपी तुमी घेतली, घ्या. पर चूक झालीच न्हाय, तर लिवू कसं?"

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, हे आजोबा दरवेळी आवर्जून सांगायचे. घाबरलेले होते बिचारे. त्यांनाही पोरंबाळं होती.

पण नियम म्हणजे नियम. बोडक्यानं वर्गात बसता येत नाही. आजोबा चार दिवस बाहेर व्हरांड्यात बसून खिडकीतनं गणितं उतरवून घेत होते. पाचव्या दिवशी बापाला बोलावणं गेलं.

पणजोबा आले. कागलपर्यंत चालत, पुढं कुणाच्या तरी बैलगाडीतनं. शाळेत शिरले आणि व्हरांड्यात बोडकं बसलेलं पोरगं बघून जागेवरच थांबले.

"आरं, मी जिता हाय न्हवं?"

हेडमास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. एक तर लिहून द्यायला सांगा, नाहीतर नाव कमी करतो. घरी घेऊन जा.

पणजोबांनी पोराला विचारलं, "लिवतोस?"
"न्हाय."
"बरं."

मग ते हेडमास्तरांकडं वळले. "सायेब, पटका चालतोय न्हवं शाळंत?"
"चालतो की."

पणजोबांनी स्वतःच्या डोक्यावरचा पटका सोडला. तांबडा, घामानं डागाळलेला, मुरगूडच्या बाजारातला. हेडमास्तरांच्या समोर उभं राहून पोराच्या डोक्याला बांधला. एवढा मोठा झाला, की मागच्या बाकावरच्याला फळा दिसेना.

हेडमास्तरांनी त्या पटक्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "जा, वर्गात बस."
चिठ्ठीचं त्यांनी परत कधी काढलं नाही.

हे सगळं आजोबांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी नववीत होतो. वर्गातल्या एकाला सरांनी छडीनं बेदम मारलं, म्हणून आम्ही चौघांनी युनिफॉर्मवर काळी फीत लावली होती. शाळेनं मागितलं म्हणून मीही माफीपत्र लिहून घरी आणलं होतं, पालकांच्या सहीसाठी.

मी विचारलं, "टोपी घालणार नाही म्हणालात, मग पटका कसा बांधून घेतला?"
"त्यो बापाचा हुता. त्याला न्हाय कसं म्हणू?"

आणि त्यांनी माझ्या माफीपत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी मी ते शाळेत दिलं. खोटं कशाला बोलू, आजोबांएवढी छाती माझी नव्हती. त्याची लाज अजून वाटते.

तर, त्या दिवशी पणजोबा मुरगूडला निघाले.
बोडक्यानं.

वाटेत गावोगावी लोक थांबवून विचारायचे, "कोण गेलं, पावणं?"
"कोन न्हाय."
कुणाला ते खरं वाटत नव्हतं.

घराच्या दारात पणजी होती. कोल्हापुरात शिकणाऱ्या पोराला बघायला गेलेला नवरा बोडक्यानं परत येताना तिनं लांबनंच बघितला.
तिनं हंबरडा फोडला. ऊर बडवून घेतला. आख्खी आळी धावत आली.

पणजोबा तिला हलवून हलवून सांगत होते, "आगं गप! पोरगं शाळंत हाय! शाळंत हाय पोरगं!"

दिवाळीच्या सुट्टीत आजोबा घरी गेले, तर पणजी जाता येता त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवत होती. आळीतल्या बायकांनी त्यांना सगळं सांगितलं.

आजोबा म्हणायचे, "हेडमास्तरला मी भ्यालो न्हाय. पर आई कशी रडली ते ऐकलं, तवा मातुर भ्यालो बघ."

शेवटच्या आजारपणात त्यांनी वडिलांना जवळ बसवलं आणि म्हणाले,
"माझ्यासाठनं बोडकं एकदा होऊन झालंय. रडूनबी झालंय. आता परत कुणी करायचं न्हाय."

आज फर्स्ट शिफ्ट करून आलो, आंघोळ केली, फोटोला हार घातला.

डोकं झाकून श्रद्धांजली, आजोबा.