पडीत ठेवलेली काचपेटी

आमच्या घरी समुद्राचे मासे आहेत असं मी शाळेत सांगितलं, तेव्हा स्टाफरूममधल्या एका बाईंनी विचारलं, "कालवणाचे का?" चूक त्यांची नव्हती. माझं माहेर प्रकाशा गावचं, आणि प्रकाशा म्हटलं की तापी, देवळं, केळी आणि ऊस. आमच्या घरातली माणसं सुरतेला शंभरदा जाऊन आली असतील, पण समुद्र बघून कुणी आलं नव्हतं. साड्या घ्यायच्या, तिथली घारी ही मिठाई खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

मासे आले ते मायच्या आजारपणामुळे. मायला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढला जायला लागला आणि बोलणं एका-एका शब्दावर आलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, हा हात रोज उचलायला लावा. नाही उचलला तर कायमचा जाईल. सांगणं सोपं होतं. जन्मभर शेत, गोठा आणि चूल यांत जिचे हात कधी मोकळे राहिले नाहीत, तिला नुसताच हात वर कर, खाली कर म्हटलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. बिनकामाचा हात हलवणं तिला पटत नव्हतं. मी शहाद्याला नांदते, तिथेच शाळेत शिकवते. शाळा सुटली की स्कूटीवरून थेट प्रकाशाला यायचे, मायशी भांडायचे, हरायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे.

धाकटा भाऊ सुरतेला नोकरीला. त्याच्या साहेबाच्या ऑफिसात खाऱ्या पाण्याची काचपेटी होती. एका रविवारी तो तशीच एक पेटी पिकअपमध्ये घालून घेऊन आला. सोबत मिठाची पाकिटं, दगड, वाळू, पंप आणि पिशव्यांमधले चार मासे: दोन केशरी, एक पिवळा आणि एक बोटभर निळी मासोळी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कमरेवर हात ठेवून सगळं बघत होते.

"पानी अठलं आनि मीठ सुरतनं?" आप्पांनी विचारलं.

"हो आप्पा. समुद्राचं मीठ वेगळं असतं. घरातलं चालत नाही."

"मंग ठीक शे. आपली तापी बी शेवट तठेच जास. तिनंच मीठ समज."

पेटी पुढच्या खोलीत, मायच्या खाटेसमोर बसवली. भावाने खाण्याची डबी मायच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता हे तुझं काम." आणि माय कामाला लागली. पहिल्या दिवशी तिने डाव्या हाताने उजवा हात धरून वर आणला. पाण्यावर चिमूट सोडताना निम्मं खाणं अंगावरच सांडलं. पण महिन्याभरात उजवा हात आपला आपण काचेच्या काठापर्यंत जायला लागला. निळी तर माय दिसली की वर यायची आणि बोटाला टोचे मारायची. तेव्हा मायच्या तोंडून जो कौतुकाचा हुंकार निघायचा तो ऐकायला मी दिवसभर वर्गात कसा वेळ काढायचे ते माझं मला माहीत. लोक मायला बघायला यायचे आणि माशांना बघून जायचे. देवळात आलेले पाहुणेही आत डोकवायचे. मायला त्याचा राग नव्हता, उलट ती डबी उचलून त्यांना हात दाखवायची.

दिवाळी होऊन थंडी पडली आणि एका संध्याकाळी आप्पांनी मला दारातच गाठलं.

"ताई, मासेस्वर भुरी पडनी शे."

भुरी म्हणजे पिकाच्या पानावर पडते ती पांढरी भुकटी. मी जाऊन पाहिलं. केशरी माशांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके होते. पिवळा सारखा दगडाला अंग घासत होता, कल्ले भराभर हलत होते. आप्पांचं निदान झालं होतं आणि औषधही ठरलं होतं. "मोरचूद शे ना आपला घरमा. जरासा टाकी देसू." केळीवर जे चालतं ते माशावर का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मोरचुदाची पिशवी उचलून माळ्यावर टाकली आणि भावाला फोन लावला. भावाने सुरतच्या माशांच्या दुकानदाराला जोडून दिलं.

दुकानदार गुजराती वळणाच्या हिंदीत भराभर बोलला. ही भुरी नव्हे, हा जीव आहे. माशाच्या कातडीत शिरून खातो, पोट भरलं की गळून वाळूत पडतो, तिथे कवच करतो आणि कवच फुटलं की शेकडो पिल्लं मासा शोधत निघतात. पाण्यात सुटलेलं पिल्लू तेवढं औषधाने मरतं, बाकी अवस्थांना औषध लागू पडत नाही. म्हणून मासे सगळे बाहेर काढा, वेगळ्या टबात ठेवा, तिथे तांब्याचं औषध द्या. ते पेटीत टाकू नका, दगड-वाळू तांबं पिऊन बसतील. आणि पेटी अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवा. खायला मासाच नाही मिळाला की पिल्लं उपाशी मरतील.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तांबं म्हटल्यावर आप्पांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मोरचुदातही तांबंच असतं. पुढे चार दिवस मला त्यांचे टोमणे ऐकून घ्यावे लागले. पण अडीच महिन्यांचं ऐकून ते गंभीर झाले.

"म्हंजे काचपेटी पडीत ठेवनी," ते म्हणाले. "अळीले खावाले नही भेटनं का मरी जास. फरदड नही ठेवानी, असंच ना?"

फरदड म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी. एक पाणी द्यायचं आणि आणखी चार बोंडं पदरात पाडून घ्यायची. त्या चार बोंडांवर गुलाबी अळी उन्हाळ्यापर्यंत जगते आणि पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराला खाते. कृषी खात्याची माणसं दरवर्षी येऊन सांगायची, कपाशी उपटा. आप्पा मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि दरवर्षी बांधाकडेच्या चार ओळी ठेवायचे. "हिरवीगार शे, तिले काय व्हयनं?" असं म्हणून. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मला त्यांचं कौतुकच वाटलं. किती पटकन समजलं आप्पांना, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

गोठा रिकामा होता. बैल विकून वर्षं झाली होती, म्हैस मायच्या आजारपणात गेली. तिथे चारा कापायच्या कुट्टी मशीनसाठी घेतलेलं विजेचं बटण होतं, म्हणून निळा प्लास्टिकचा मोठा टब गोठ्यात मांडला. जारचं पाणी, मीठ, हवेचा पंप, हिटर. औषध थेंबाथेंबाने घालायचं आणि बाटलीतल्या पाण्याचा रंग कागदावरच्या रंगाशी ताडून बघायचा, हे काम आप्पांनी घेतलं. कपाशीवर फवारताना झाकणाने अंदाजे ओतणारा हा माणूस चष्मा लावून थेंब मोजायचा.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा मासे हलवून झाले होते. पेटीवर टॉवेल टाकला होता. "प्रकाश नको," आप्पा म्हणाले. मला ते खरं वाटलं. निळ्या टबात निळी मासोळी दिसली नाही, याचंही मला नवल वाटलं नाही.

मधल्या काळात माय कशी राहिली ते मला नीट आठवतं. टॉवेलचा एक कोपरा आप्पा दिवसातून दोनदा उचलून द्यायचे आणि माय तिथे हात नेऊन काहीतरी करायची. मी विचारलं तर आप्पा म्हणायचे, सवय मोडू नये म्हणून. टबातल्या माशांचे ठिपके गेले. अडीच महिने भरले, मासे परत पेटीत आले, टॉवेल निघाला. मायने सगळ्यांना खाणं घातलं आणि त्या दिवशी घरात मांडे झाले. आमच्याकडे मांडे म्हणजे सणच.

पंधरवडाही गेला नसेल. पुन्हा ठिपके आले, आधीपेक्षा दाट. पिवळा मेला. एक केशरी मेला. मायने मेलेला केशरी तरंगताना पाहिला आणि डबी खाली ठेवली. नंतर कितीही म्हटलं तरी हात उचलला नाही. मांडीवर उजवा हात, त्यावर डावा, आणि डोळे भिंतीकडे.

मी सुरतेला फोन लावला. दुकानदाराने एकच विचारलं, "टंकी पूरी खाली थी ना?" मी ठणकावून हो म्हटलं. आप्पा खांबाला टेकून उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "निळीले मी मजारच ऱ्हाऊ दिन्हं व्हतं."

मजार म्हणजे आत. म्हणजे अडीच महिने निळी टॉवेलखाली पेटीतच होती.

"तिना अंगवर एक ठिपका नव्हता, ताई. साफ व्हती. आनि समदा काढी लेतू त तुन्ही माय कोनाकडे देखती?"

मी चिडले. खूप चिडले. आख्ख्या शिवाराला माहीत असलेलं, स्वतःच्या तोंडाने मला समजावलेलं, ते याच माणसाने करून ठेवावं! हिरवं दिसतं म्हणून ठेवलेली ओळ आणि साफ दिसते म्हणून ठेवलेली निळी यांत फरक तो काय? मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही पेटीतसुद्धा फरदड घेतली." त्यांनी मान खाली घातली आणि माझा राग तिथेच विरला. कपाशीत त्यांना चार बोंडांचा लोभ होता. इथे त्यांना मायच्या हाताची भीती वाटत होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही निळीला ठेवलं असतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलले मात्र नाही.

आता पुन्हा पहिल्यापासून. उरलेला केशरी आणि निळी, दोघांना टबात न्यायचं, पेटी पूर्ण रिकामी. हे मायला सांगायचं कुणी, यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत राहिलो. शेवटी आप्पाच गेले. खाटेजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "आते समदा काढना पडी. निळीले बी. अडीच महिना काच रिकामी ऱ्हाई."

मायने डावा हात उचलून मागच्या दाराकडे केला.

"मले," ती म्हणाली. थांबली. शब्द शोधला. "तठे."

तठे म्हणजे तिथे, गोठ्यात. इतके महिने मासे मायजवळ कसे ठेवायचे यावर आम्ही डोकं फोडत होतो. मायला माशांजवळ न्यावं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आजारी माणूस खाटेवर, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पुढच्या खोलीतली पेटी जशी तिथेच असायची तशी मायही तिथेच.

पहिले दिवस तिला खुर्चीसकट उचलून न्यायचो, एका बाजूने आप्पा, दुसरीने मी किंवा शेजारची सून. मागच्या दाराचा उंबरा उंच, पायऱ्या वेड्यावाकड्या, आप्पांचा जीव वरखाली व्हायचा. गोठ्यात गेल्यावर मायने आधी माशांकडे पाहिलंच नाही. दावण पाहिली, गव्हाण पाहिली, कोपऱ्यातलं जळमट पाहून आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मुकाट झाडू घेतला. मग तिने डबी मागितली.

होळीनंतर एके दिवशी तिने खुर्ची नको म्हणून हाताने ढकलली. आप्पांच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत निघाली. स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि बसली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. रोज थोडं पुढे. मी शाळेतून यायचे तेव्हा ऐकायला यायचं, "हां, आते हाऊ पाय. हाऊ नही, तो." बैलाला औताला जुंपताना आप्पा ज्या सुरात बोलायचे त्याच सुरात ते मायशी बोलायचे आणि माय त्यांना डाव्या हाताने चापट मारायची. उन्हं तापली तसा घरातला कूलर गोठ्यात गेला. माशांसाठी गेला असं आप्पा सांगायचे. दारावर ओली पोती लटकवली. दुपारचा चहा तिथेच व्हायला लागला. खरं सांगायचं तर आमच्या घराने इतके चांगले दिवस फार कमी पाहिले होते. कुणी बरं होत असलेल्या घरात एक वेगळाच उजेड असतो आणि तो आम्हाला गोठ्यात सापडला होता.

अडीच महिने संपले. या वेळी पेटीत खरंच काही नव्हतं. दुकानदार म्हणाला, आता सोडा बेफिकीर. आप्पांनी नवी जाळी आणली, बादली भरली आणि माझ्या सुट्टीचा दिवस बघून गोठ्यात आले. माय आधीच टबाशी बसली होती. आप्पांनी जाळी पाण्यात घालायला हात पुढे केला, तर मायने आपला उजवा हात, तोच गेलेला हात, उचलून जाळीवर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या."

"अठेच?"

मायने हो म्हणून मान हलवली. मासे पुढच्या खोलीत गेले तर तीही परत पुढच्या खोलीत जाईल, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

"आनि त्या काचपेटीमा मी काय मेथी लावू?" आप्पा वैतागून म्हणाले.

माय हसली. तोंड वाकडं, एक डोळा मिटलेला, पण पोटातून, आवाज करून हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. आप्पाही हसायला लागले, आणि मी दोघांकडे बघत दारात उभी राहून रडत होते. माय आता नाही. पण जाईपर्यंत ती रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जात राहिली, आपल्या पायांनी, आप्पांचा हात धरून.