प्रिंटरचा आवाज आणि आमची शाखा

आमच्या कचेरीत काम किती चाललंय हे कागद बघून नाही, कान देऊन कळायचं. लोणावळ्यातली एका खोलीची शाखा ती, मधे प्लायवूडची भिंत. पलीकडे साहेब, अलीकडे क्लार्क भाऊ, आणि दाराशी स्टुलावर मी, शिपाई. भाऊंच्या टेबलावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रर्र करायला लागला की पलीकडे साहेबांना निवांत डोळा लागायचा. प्रिंटर थांबला की लगेच जाग.

अशात कळलं, पुण्याचे मोठे साहेब तपासणीला येणार. काम कमी दिसलं तर शाखा उचलून पुण्याला नेणार. बाकीच्यांचं ठीक हो, मी इथल्याच औंढे गावची. घरी म्हैस, अंथरुणावर सासू. रोज पुणं गाठणं माझ्यानं होणारं नव्हतं. म्हणजे नोकरीच सुटणार.

"भाऊ, त्या दिशी तरी काम दिसू द्या," मी म्हटलं.

"काम कुठून आणू मावशी? आवाज आणतो."

त्या मशीनला एक सोय होती. बटण दाबून धरून चालू केलं की आपण ठीक आहोत हे दाखवायला ते आपलं आपणच एबीसीडी, आकडे, अधिक-उणे छापत बसायचं, कागद संपेपर्यंत.

मोठे साहेब आले. पलीकडे चहा चालला होता, अलीकडे मशीनचा धडाका. पण कप ठेवून ते चक्क बाहेरच आले की. भाऊ खुर्चीवरून उठून उभेच राहिले. मोठ्या साहेबांनी लोंबणारा कागद हातात धरला, चष्मा वर केला, खाली केला. मी म्हटलं, संपलं सगळं.

"हे दर महिन्याचं का?"

"हो साहेब," भाऊ म्हणाले.

"टोटल कुठाय?"

"शेवटच्या पानावर येते, साहेब."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली, कोपऱ्यात सही ठोकली. "एक प्रत आम्हाला पाठवत जा."

शाखा राहिली. मी म्हशीची धार काढून वेळेवर कामावर जात राहिले. मोठे साहेब बदलले, नवा लेझर प्रिंटर आला, तरी जुना कुणी हलवला नाही. दर महिन्याला पुण्याला जाणारं हे विवरणपत्र नव्यावर निघत नाही ना! मी निवृत्त व्हायच्या आधी एकदा जुन्याची शाईची रिबन मिळेना म्हणून ते पाठवायचं राहिलं. लगेच पुण्याहून पत्र: विवरणपत्र अप्राप्त, खुलासा करावा.

भाऊंनी खुलासा केला, आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांची एबीसीडी एकदम धाडली.