मनोहरभाऊच्या बाटल्या

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग चहा अंगावर सांडला तर मला बोलू नका. आता काय सांगू! असा घोळ अख्ख्या पवनी तालुक्यात दुसऱ्या कोणी घातला असेल, तर मी अंगणवाडीची नोकरी सोडते!

आमचं गाव आसगावच्या पुढे. गावाला तलाव मोठा, आणि काठावरचा कचरा त्याहून मोठा. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या, लग्नातले ग्लास, काय नाही ते! दर रविवारी मी आणि शेजारची सुनंदा पोती घेऊन निघायचो. लोक विचारायचे, "बाई, तुमाले घरी काम नाई का जी?"

"आहे ना! पण तुमी टाकता थे कोन उचलंल?"

शिवाय माझं भाषण असायचंच. बारसं असो, हळदीकुंकू असो, नाहीतर लसीकरणाची रांग. फेकू नका, कामाला लावा! लोक माना डोलवायचे, आणि माझ्यासमोरच पन्नी टाकून निघून जायचे.

तर एप्रिलचा रविवार. पाणी आटलेलं. पाहते तर तलावात बाटल्याच बाटल्या, त्याही ओळीनं!

"सुनंदा, पाह्य! आता तं लाइनीत फेकून राहिले!"

कचरा कधी लाइनीत पडतो का हो? पण संतापात एवढं कुठलं सुचायला! पदर खोचला आणि कमरेइतक्या पाण्यात शिरले. हात लावते तर प्रत्येक बाटली दोरीला बांधलेली.

"बाई, बांधल्या काहून असतीन?" सुनंदानं विचारलं. तिला सुचलं बघा!

"आपल्याले चिडवाले! दुसरं काय?"

घेतला विळा आणि सपासप कापत सुटले. दोन पोती भरली. वर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, 'जरा तरी लाज वाटू द्या.'

थोड्या वेळानं मनोहरभाऊ आपली छोटी नाव, डोंगा घेऊन आले. गावातले ढिवर. रात्रभर टाकलेली जाळी सकाळी काढायची आणि मासळी पवनीच्या बाजारात न्यायची, हेच त्यांचं पोट. सोबत बायको, शेवंताताई. भाऊ बांबूनं पाण्यात इकडेतिकडे चाचपायला लागले.

"बाई, इथं माह्या बाटल्या होत्या."

"तुमच्या? अन् वर तोंड करून सांगता?"

"जाळ्याच्या होत्या जी. जाळं तरंगाले पाह्यजे ना! मांगं भोपळे बांधत होतो, आता थे भेटत नाई. अन् तुमीच तं सांगतलं, बाटल्या फेकू नका, कामाले लावा. मी लावल्या."

झालं! गावात माझं ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि त्याचीच तीन जाळी मी तळाला घातली!

शेवंताताई काठावर बसून रडायला लागल्या. जाळी गेली तर त्यांची चूल कशी पेटणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ग्रुपवरचा फोटो पाहून निम्मं गाव तलावावर जमलं.

"बाई, आता सोडा हा धंदा!" कोणीतरी ओरडलं.

सोडू? मी? माझं डोकंच सणकलं.

"कायले सोडू? चूक झाली, मीच निस्तरीन! पण पन्नी टाकसाल तं उद्याही बोलीन, परवाही बोलीन!"

आणि तावातावानं जाळी शोधायला डोंग्यात चढले. सुटलेली जाळी सरकत खोल पाण्यात गेली होती. पोहता येत नाही, हे आठवलं तेव्हा आम्ही काठापासून बरेच आत होतो.

भाऊ बांबूनं डोंगा ढकलत होते, मी दोरीला बांधलेला लोखंडी आकडा पाण्यात फिरवत होते. ऊन डोक्यावर आलं. आधी एक जाळं लागलं, मग दुसरं. तिसरं मिळायला दुपार झाली. फाटलं नव्हतं, आत मासेही होते! शेवंताताईंनी डोळे पुसले आणि माझा जीव भांड्यात पडला. बाटल्या मी माझ्या हातानं परत बांधणार होते, अगदी पक्क्या.

परतताना आकडा पुन्हा अडकला. काहीतरी जड होतं. भाऊंनी आणि मी ओढत ओढत ते काठावर आणलं. चिखलानं माखलेलं भलंमोठं फ्लेक्स! मी लगेच पब्लिककडे वळले. "पाह्यलं? हे असं टाकता तुमी तलावात!"

शेवंताताईंनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. आधी अक्षरं दिसली, 'आपला तलाव, स्वच्छ तलाव.' मग खाली हात जोडून उभी असलेली मी!

गेल्या उन्हाळ्यात मीच ते काठावरच्या बाभळीला बांधलं होतं. वादळात उडालं असणार. मी मात्र चोरीला गेलं म्हणून महिनाभर सगळ्या गावाला शिव्या घातल्या होत्या.

शेवंताताईंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, हा कचरा कोनाचा आहे थे सांगा फक्त. आमी बोलतो त्याले."

सगळा काठ खो खो हसला. मीही मान खाली घातली नाही. पोतं उघडून धरलं.

"टाका याच्यात. पन घडी नीट घाला, तोंड माहं आहे!"