भिंगरीची टाच

माहेरी तिला सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. लग्नानंतर ती कापडाच्या मोठ्या दुकानात लागली, तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, दिवसभर उभंच राहायचंय. तुझ्याजोगतं काम मिळालं."

दुकानात कडक शिस्त होती. गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही. फरशी गुळगुळीत आणि गार. मुलींनी काळे, चिंचोळ्या टोकाचे, उंच टाचेचे बूट घालायचे. "काउंटरवर रुबाब दिसला पाहिजे," असं मालक म्हणायचा.

काही वर्षांनी सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायला लागलं. थोडं चाललं की ओसरायचं, म्हणून तिने अंगावर काढलं. तिची मोठी जाऊ दवाखान्यात नर्स होती. तिच्या लगेच लक्षात आलं.

"हे बूट आधी फेकून दे. जाड तळव्याचे, पुढे ऐसपैस असलेले घे. उठायच्या आधी पावलं ताणायची, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. आणि अधूनमधून बसायचं गं बाई!"

"पायाला कसला व्यायाम, वहिनी? दिवसभर तोच तर चाललाय," भिंगरी हसली.

दुखणं वाढलं तेव्हा मात्र तिने तसले बूट घेतले. ते पाहून मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "दुकानात शर्यत पळायची आहे का?" सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे बूट पायात. मग टाचेत इंजेक्शन घेणं सुरू झालं. वारंवार घेऊ नका, पावलाची कमान पेलणारा तळव्याचा पट्टा त्याने कमजोर होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ठणका थांबायचा, तेवढ्याने तिचं भागायचं. एका डॉक्टरने नाही म्हटलं की ती दुसऱ्याकडे जायची.

एकदा वरच्या फळीवरचं ठाण काढून शिडीवरून उतरताना तळव्यात काहीतरी कट्‌कन तुटलं. ती तिथेच खाली बसली. उभं राहता येईना.

बरेच महिने घरात गेले. दुकानाने तिची वाट पाहिली नाही. आता ती सगळं न चुकता करत होती, व्यायाम, शेक, बूट, सगळं. पाऊल मात्र चपटं झालं ते झालंच.

"हे तेव्हाच केलं असतं तर?" तिने एकदा जावेला विचारलं.

"काही सांगता येत नाही गं," जाऊ म्हणाली, आणि उगाचच उठून स्वयंपाकघरात गेली.

एके दिवशी नवऱ्याचा आधार घेत ती दुकानात गेली. तिच्या जागी नवी पोरगी होती. काउंटरमागे कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होती. भिंगरी पुढे वाकून हळूच म्हणाली, "सकाळी टाच दुखते का तुझी?"

पोरीच्या चेहऱ्यावर क्षणभर दुखणं उमटलं. मग तिने गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "काय दाखवू, काकू? सुती की रेशमी?"

भिंगरीने समोरच्या कुठल्यातरी ठाणाकडे बोट दाखवलं, पोरीने ते उलगडेपर्यंत थांबली, आणि "नको" म्हणून वळली.

घराचे तीन जिने नवऱ्याने तिला जवळजवळ उचलूनच चढवले. त्यानंतर तिने खाली उतरायचं नाव काढलं नाही, आणि त्यानेही आग्रह धरला नाही.