नंदूच्या खांबाला तेल

नंदूच्या कार्यक्रमाआधी त्याच्या स्टीलच्या खांबाला मी एरंडेल तेल लावलं. चांगलं चोळून, वरपासून खालपर्यंत.

परळच्या आखाड्यात आम्ही दोघं दहाव्या वर्षापासून मल्लखांब करायचो. लाकडी खांबाला एरंडेल हवंच, नाहीतर मांड्या सोलून निघतात. तेल लावायचं काम कायम माझं. वर चढून लोकांना तोंडात बोटं घालायला लावायचं काम कायम नंदूचं. मी चढलो की सर म्हणायचे, "अरे, खांबाची तरी दया कर." नंदू चढला की सर काही बोलायचेच नाहीत. ते मला जास्त झोंबायचं.

पस्तिशीत लोक पोट वाढवतात. मी वाढवलं. नंदू कुरिअरची नोकरी सांभाळून माझगावात एका म्हाताऱ्या मिसकडे बॅले शिकायला लागला, आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या रांगेत शेवटचा उभा राहून. अख्खी चाळ हसली. तोही हसला. मग त्याने पोल डान्सचा खांब आणला आणि बॅले त्या खांबावर चढवलं. उलटा लटकलेला असतानाही पायाची बोटं अशी ताणलेली, जणू छतावर सही करतोय. "बारमधला नाच काय रे हा?" असं जिन्यात कोणी विचारलं, तर म्हणायचा, "या की काका बघायला. काकूंनाही आणा." भजी खाता खाता मला शिकवायचा, "ताकद दिसली की कसरत, लपली की नाच." एवढी भजी खाऊन याचं पोट सपाट! माणसाने सोसायचं तरी किती?

दादरच्या त्या कार्यक्रमाला बंगळुरूच्या एका नृत्यसंस्थेच्या बाई खास त्याला बघायला येणार होत्या. पसंत पडला तर कुरिअरची बॅग खांद्यावरून कायमची खाली. मी पडद्यामागे मदतीला. निदान तयारीत तरी आपला हात असावा म्हणून बाटली घरून नेली. स्टीलवर कोरडी कातडीच पकड घेते, हे त्याने मला दहादा सांगितलं होतं. पण तेव्हा मी ऐकत नव्हतो, जळत होतो.

पडदा उघडला. नंदू दोन हात वर चढला आणि सुर्रकन खाली. पुन्हा चढला, पुन्हा खाली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याने खांबाचा नाद सोडला आणि उरलेली चार मिनिटं नुसता त्याच्याभोवती चवड्यांवर नाचला, रुसलेल्याची समजूत काढावी तसा. विंगेत माझे डोळे भरून आले. आणि सांगायला लाज वाटते, त्यातही मनात आलंच, च्यायला, हेही जमतं याला!

बाईंनी महिन्याने त्याला पुन्हा बोलावलं. या खेपेला नंदूने मला नेलं नाही. निवड झाली.

तो निघायच्या दिवशी लालबागला त्याच्या खोलीवर गेलो, तर त्याच्या आईने मला दारातच अडवलं. "तू मुद्दाम लावलंस मेल्या तेल! जळतंस तू माझ्या झिलावर!"

"नाही हो मावशी, देवाशप्पथ सवयीने..." शेजारी गॅलरीत गोळा झाले.

आतून बॅगेची चेन ओढत नंदू म्हणाला, "सोड गं त्याला, आई. जळतो तो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. पण मुद्दाम करायला डोकं लागतं."