सात पटाश्या आणि सात लाटणी

दहिवलीच्या बुधाजी रोकड्याकडे लाटणं घ्यायला जा, पोळपाट घ्यायला जा, पाळण्याचे खांब कातून आणायला जा. पण त्याच्या हत्यारांना बोट लावू नका, असं कर्जतच्या बाजारात माणसं एकमेकांना बजावून सांगायची. खोटं कशाला बोला, माणूस सोन्यासारखा होता. पण पटाशी जागेवरून बोटभर हलली की त्याचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

चौदाव्या वर्षी तो मुंबईला फर्निचरच्या एका कारखान्यात लागला. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने सहा महिने त्याला लेथपुढे उभंच केलं नाही. नुसती हत्यारं लावायला शिकवलं. "नजर लाकडावर, हात भिंतीवर," उस्ताद म्हणायचा. "पटाशी शोधायला मान वळवलीस की काम बिघडलं." बुधाजीने हे असं काही मनावर घेतलं की अठ्ठावन्न साली जुना, पायाने चालवायचा लेथ विकत घेऊन तो गावी परतला, तेव्हा लेथ बसवायच्या आधी त्याने भिंतीत खिळे ठोकले. दोन-दोन खिळ्यांची बेचकी, अशा सात बेचक्या, उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. पहिल्या बेचकीत लाकूड गोल करायची मोठी पटाशी, मग लहान गोल, मग दोन तिरक्या, आणि अशा करत शेवटी तुकडा तोडायची बारीक. डाव्या हाताला खिडकीत धार लावायचा निसणा आणि जाडी मापायचा कंपास. पायांनी लेथची फळी दाबत राहायची आणि हात नुसता बाजूला करायचा. हवी ती पटाशी हातात!

कारखान्यात असताना खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू व्हायचं. छप्पन साली बुधाजीने दीक्षा घेतली आणि ते सोडलं. पण वर्षातून एकदा हत्यारं खाली काढायची, तेल द्यायचं, भिंतीला चुना मारायचा आणि पुन्हा लावायची, हे मात्र त्याने ठेवलं. "हळदकुंकू गेलं, तेल राहिलं," असं तो हसून सांगायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे काम तो एकटा करायचा. बायकोला, ठकूबाईला, उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही.

तर असा हा माणूस, आणि सत्तर साल उलटल्यावर त्याचे डोळे गेले. एका दिवसात नव्हे हो. दुधावर साय धरावी तसं काहीतरी हळूहळू धरत गेलं. आधी एष्टीची पाटी वाचता येईना, मग समोरच्या माणसाचं तोंड ओळखू येईना, आणि चौऱ्याहत्तर साली तर लेथवर फिरणारं लाकूड म्हणजे नुसती एक पिवळी पट्टी. पण बुधाजी कुणाला बोलला नाही. आंधळ्याकडून पाळणा कोण कातून घेईल? आणि ऑपरेशन म्हणाल, तर खोपोलीकडच्या कुणा म्हाताऱ्याचा डोळा त्यात कायमचा गेला, असं त्याच्या कानावर आलं होतं. खरं का खोटं, देव जाणे. पण भीती बसली ती बसली. आहे तेवढं पुरे, तो मनाशी म्हणायचा. माझी हत्यारं जागच्या जागी आहेत तोवर मला काय होतंय?

आणि खरंच, ती जागच्या जागी असायची. रोज सकाळी तो लेथपुढे उभा राहायचा, हात बाजूला करायचा, आणि पटाशी मिळायची. बोटांनी लाकूड चाचपून तो नक्षी पाडायचा. फक्त राग वाढला होता. पूर्वी एखादी वस्तू सापडली नाही तर शोधायचा, आता आरडाओरडा करायचा. एकदा कंपास मिळेना म्हणून निसणा अंगणात भिरकावला होता.

भाद्रपदात कर्जतच्या गोपाळकृष्ण मास्तरांनी नातवाच्या पाळण्यासाठी चार खांब कातून नेले आणि आठवड्याने एक परत आणला. मास्तर भला माणूस. "बुधाजी, हा चौथा आपल्या भावांपेक्षा जरा अंगाने भरलाय रे," एवढंच म्हणाले. बुधाजीने ओल्या लाकडावर ढकललं. पण मास्तर गेल्यावर तो खांब मांडीवर घेऊन त्याच्या जाडीवरून बोटं फिरवत बसला. ठकूबाई दारातून बघत होती. ती काही बोलली नाही, म्हणून त्याला वाटलं, तिला कळलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बुधाजीला ताप भरला. ठकूबाई म्हणाली, "अवो, पडा गप. मी मारते चुना."

"हत्यारांना हात लावायचा नाय!"

"मग भिंतीला चुना कसा मारू, हत्यारांवरनं?" ती म्हणाली. "जशी हायेत तशी परत लावते. मला काय डोळे नायत?"

बुधाजीने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

दसऱ्याला सकाळी ताप उतरला. दुपारी विहाराच्या अंगणात कार्यक्रम होता. त्याआधी मास्तरांचा तेवढा खांब उरकावा म्हणून बुधाजी लेथपाशी आला. ताज्या चुन्याचा वास येत होता. त्याने लाकूड बसवलं, फळीवर पाय मारला, लाकूड फिरू लागलं. उजवा हात बाजूला केला, पहिल्या बेचकीतून पटाशी उचलली आणि लाकडाकडे नेली.

पण हाताला वजन लागेना. त्याने दुसऱ्या हाताने चाचपलं. पोलाद नाहीच! नुसतं लाकूड, मधे फुगीर, टोकांना निमुळतं.

लाटणं होतं ते. त्यानेच कातलेलं लाटणं.

त्याने घाईने दुसरी बेचकी चाचपली. लाटणं. तिसरी, लाटणं. सातही बेचक्यांत सात लाटणी!

"ठके! ही काय थट्टा लावलीस गं?"

ठकूबाई तिथेच होती, भिंतीला टेकून उभी. तो आला तेव्हापासून उभी होती.

"डोळस माणूस दारातूनच ओरडला असता," ती म्हणाली. "तुमी सातवं हातात घेईस्तोवर चाचपत बसलात."

लेथ आपोआप थांबला. बुधाजीचा पाय फळीवरून निघाला होता.

"मला दिसतं," तो म्हणाला. "उगाच कायतरी बोलू नकोस."

"मग सांगा, मी कंच्या रंगाचं लुगडं नेसलेय?"

"हिरवं."

"निळं हाय. आजच्यासाठी नवं घेतलंय." आणि एवढा वेळ धीर धरलेली ती बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "रविवारी खालापूरला डोळ्यांचं शिबिर हाय. मुंबईचे डॉक्टर येणारेत. तुमचं नाव दिलंय मी. मारा, रागवा, काय करायचं ते करा. पण चला."

बुधाजी लाकडाच्या ओंडक्यावर बसला. लहान मुलासारखा म्हणाला, "डोळा गेला तर गं? आता हातावर तरी चाललंय. महिनाभर पट्टी बांधून पडलो आणि हातच विसरला तर? कुणी हत्यारं हलवली तर? मग मी कुठला?"

ठकूबाईने डोळे पुसले. कोपऱ्यातल्या गोणपाटातून तेल लावलेल्या पटाश्या काढल्या आणि लाटणी बाजूला करून त्या एकेक बेचकीत बसवल्या. निसणा खिडकीत, कंपास त्याच्या डाव्या अंगाला. "उठा," ती म्हणाली. "बघा हात घालून."

तो उठला. हात बाजूला केला. मोठी गोल. लहान गोल. तिरकी, दुसरी तिरकी. शेवटची बारीक, तीही पातं खिडकीकडे करून, जशी तो ठेवायचा तशी. सुताएवढा फरक नव्हता. बुधाजी चक्रावला. सोळा वर्षं तिला त्याने इथे हात लावू दिला नव्हता.

"तुला कसं ठाऊक गं, कुठली कुठे ते?"

"दोन वर्षं झाली," ठकूबाई म्हणाली. "तुमची पटाशी सालपटात पडते. कंपास लेथखाली जातो. निसणा तर तुमी अंगणात फेकता. रोज तुमी जेवून पडलात की मी येते आनि सगळं जागच्या जागी लावते. तुमाला काय वाटलं, ती आपली आपण चालत जातात?"

बुधाजीने हात पुढे केला. या वेळी पटाशीसाठी नव्हे. ठकूबाई होती तिथेच होती.

रविवारी दोघं खालापूरला गेली. एक डोळा त्या वर्षी झाला, दुसरा पुढच्या. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून बुधाजीने पुढे दहा वर्षं काम केलं. मास्तरांच्या नातवाच्या मुंजीचा पाट त्यानेच केला. पटाशी घ्यायला मान मात्र त्याने कधी वळवली नाही.

पाट न्यायला आलेल्या मास्तरांना भिंतीवर आठवी बेचकी दिसली. तिच्यात एक लाटणं होतं. "बुधाजी, हत्यारांत हे रे कशाला?"

बुधाजीने आत चुलीपाशी बसलेल्या ठकूबाईकडे बघितलं. चष्मा पुसला.

"राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "या घरातलं सगळ्यात धारदार हत्यार तेच हाय."