पेल्यातली धार

सकाळी जाग आली की माझ्या उजव्या पायाची बोटं आत वळतात आणि पोटरीत असा गोळा येतो की देवाच्या आधी नवऱ्याला हाक जाते. संध्याकाळची तऱ्हा वेगळी. खुर्चीत टेकले की पाय आतून वळवळायला लागतात. उठून चाललं तर बरं वाटेल म्हणून उठावं, तर नेमकं तेव्हाच पाऊल जमिनीला चिकटतं. पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं, एवढंच मला ठाऊक होतं. जन्मभर शाळेत पोरांवर ‘चुळबुळ करू नका’ म्हणून ओरडले, आता माझेच पाय माझं ऐकत नाहीत.

हाक ऐकून हे गोठ्यातून येतात. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत घरामागे म्हशी सांभाळणारी थोडी माणसं उरलीत, त्यातले हे एक. हात धुतात, माझं पाऊल मांडीवर घेतात आणि एकेक बोट सरळ करत बसतात. मधेच म्हशीला करतात तसं ‘हूं, हूं’ करतात.

“मी काय म्हैस आहे?” मी खेकसते.

“म्हस असतीस तर कवाच ऐकली असतीस की,” हे म्हणतात आणि बोटं चोळत राहतात.

तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं झालं. मला फार काही नको होतं. कुणाचा हात न धरता अंगणातून फाटकापर्यंत जाता यावं, बस्स.

यांचा भरवसा मात्र दुधावर. आठ महिन्यांपूर्वी गोळी सुरू झाली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिच्या वेळेला हे पेला घेऊन धारेला बसायचे आणि थेट पेल्यात काढलेलं दूध फेसासकट माझ्या हातात द्यायचे. आमच्याकडे संध्याकाळी चौकात म्हैस उभी करून लोक असं दूध पितात. मग घरच्या आजारी माणसाला ते मिळू नये, हे यांना कसं पटावं?

“नुसत्या पाण्यासंगं गोळी लागू पडती व्हय? पायात बळ नगो?”

मी शिकलेली बाई, पण गपगुमान प्यायचे. पाय जास्तच आखडायला लागले तसा यांनी पेला मोठा केला.

शेवटी दवाखान्यात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेता?”

माझ्या आधी हेच बोलले, छाती फुगवून. “दुधासंगं. घरच्या म्हशीचं, धारोष्ण!”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “इथंच गोम आहे, काका. दुधातली प्रथिनं या गोळीच्या आड येतात. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. दूध नंतर, तासाभराने.” दुधामुळे आजार झालेला नाही, तो आपल्या गतीने वाढणारच, हेही त्यांनी समजावून सांगितलं. ते यांच्या कानात शिरलंच नाही.

त्या दिवसापासून हे गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवायचे आणि लांब उंबऱ्यावर जाऊन बसायचे. दुधाचं नावसुद्धा नाही. सकाळी गोळा आला तरी नुसते जवळ उभे राहायचे, पायाला हात लावायचे नाहीत. मला असा संताप आला! दूध बंद झाल्याचा नव्हे, तो हात बंद झाल्याचा.

पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी खुर्चीतून उठले आणि पाऊल सुटलं. एक टाकलं, दुसरं टाकलं. फाटकाची कडी हातात आली तेव्हा मागे वळून पाहिलं. हे गोठ्याच्या दारात उभे होते, उपरण्याने डोळे पुसत.

“लाथाळ म्हशीचं पाय बांधत्यात, तसं आठ म्हैनं मी तुझं पाय बांधत हुतो की गं!”

मला भडभडून आलं. या माणसाने मला जे दिलं ते जिवापाड दिलं, चुकलं तेसुद्धा. पण दोघंही रडत बसलो असतो तर म्हशींनी काय करायचं होतं? मी वर्गातला आवाज काढला.

“गोळी घेऊन तास झालाय. माझं दूध आणा. आणि मग जरा पाय चोळून द्या, फार दुखतायत.”

त्या संध्याकाळी माझे पाय अजिबात दुखत नव्हते.